वजीरच्या कानात

तळेगाव श्यामजी पंतच्या आसपास चंद्रभानजींचं नाव निघालं की माणसं आपोआप आवाज खाली आणायची. चंद्रभानजी शंकरपटाचे, म्हणजे जोड्यांच्या शर्यतीचे, बैल तयार करत. आष्टीपासून आर्वीपर्यंत कुठेही पट भरो, चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न एकच असायचा, "चंद्रभानजीची जोडी हाये का?" आहे म्हटलं की बाकीचे जोडीवाले चहात साखर कमी पडल्यासारखं तोंड करत.

माणूस उंच, हाडापेरानं मोठा, भुवया अशा दाट की कपाळाखाली दोन मिश्या उगवल्यासारख्या. बोलणं जवळजवळ नाहीच. कोणी "राम राम" केला तर मान हलवायचे, कोणी बैलांबद्दल विचारलं तर "हं" म्हणायचे आणि लांब कुठंतरी बघायचे. त्या बघण्याचा लोकांनी फार मोठा अर्थ लावला होता. चंद्रभानजींना मंत्र येतो, ही गोष्ट तपासून पाहायची गरज पंचक्रोशीत कोणाला वाटत नव्हती. पट सुटायच्या आधी ते वजीर नावाच्या बैलाच्या कानाला तोंड लावत, बराच वेळ ओठ हलवत, आणि तो बुजरा, अंगावर येणारा बैल दगडासारखा उभा राही. झेंडी पडली की सुटे तो वाऱ्यासारखा. हा मंत्र नाही तर काय? एक म्हणे, सातपुड्यात कोण्या बाबाची त्यांनी बारा वर्षं सेवा केली. दुसरा म्हणे, अवसेच्या दिवशी ते मसणातून माती आणतात. कोणाचं पोर दचकून उठायला लागलं की बाया चंद्रभानजींच्या घरी येत आणि वजीरच्या गळ्यातला काळा दोरा मागून नेत. दोरे देण्याचं खातं विमलाबाईंकडे होतं.

विमलाबाई म्हणजे चंद्रभानजींच्या सौभाग्यवती. नवऱ्याच्या मंत्रावर त्यांचा गावापेक्षा जास्त विश्वास. "मलेई नाई सांगत जी," त्या बायांना अभिमानानं सांगत. "मंत्र सांगतला का त्याची ताकद जाते." त्या स्वतः पहाटेपासून बोलायला लागत ते झोपेपर्यंत. शेजारणीशी, कोंबड्यांशी, गॅसच्या सिलिंडरशी. त्या बोलण्यात सुई शिरवायलाही फट नसे, आणि चंद्रभानजींनी कधी प्रयत्नही केला नव्हता.

खरी गोष्ट अशी होती की चंद्रभानजी लाजाळू होते. चार माणसं समोर आली की त्यांच्या जिभेला गाठ पडायची. लहानपणापासूनची सवय. न बोलणाऱ्याला लोक एक तर येडा समजतात, नाहीतर महाराज. चंद्रभानजींच्या जोडीनं पहिल्याच वर्षी पट मारला म्हणून ते महाराजांत गेले. हरली असती तर दुसऱ्या रांगेत उभे असते, हे त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं. नंतर पटावर बंदी आली, कैक वर्षं बैल गोठ्यात बसले, आणि नेमक्या त्या वर्षांत त्यांची कीर्ती दुप्पट झाली. धावायचंच नव्हतं, तर हरणार कुठून? बंदी उठली ती नियम घेऊन. बैलाला मारायचं नाही, टोकाला खिळा असलेली काठी, म्हणजे तुतारी, तर जवळही आणायची नाही. बाकीचे जोडीवाले हात बांधल्यासारखे झाले. चंद्रभानजींनी तुतारी कधी हातात धरलीच नव्हती. त्यांचं आपलं कानाशी तोंड आणि ओठांची हालचाल.

त्या ओठांतून निघायचं काय? सुरुवातीला "हो, हो, बाबू, उभा राह्य" एवढंच निघायचं. वजीरला भोंग्याची भीती, माणसाचा आवाज कानात असला की तो शांत व्हायचा. पण पटावर नंबर यायला वेळ लागतो. "हो, हो" किती वेळ म्हणणार? मग चंद्रभानजींनी त्याला घरचं सांगायला सुरुवात केली. पुढं सवय जडली. दिवसभरात जे जे माणसांना सांगायचं राहून जाई, ते ते सगळं वजीरच्या डाव्या कानात जाऊ लागलं. जोडीतला दुसरा बैल लोण्या, पांढरा आणि आळशी. तो वजीर करील ते करायचा, त्याच्या कानात काही सांगायची गरज नव्हती.

जोडीचे मालक होते हिरालाल शेट. वर्ध्यात कापडाचं दुकान, नालवाडीत बंगला, आणि पट जिंकायची हौस. दर रविवारी काळा चष्मा लावून ते गाडीनं तळेगावला येत, बैलांना पेढे चारायला बघत आणि सल्ले देत. "चंद्रभानजी, बैलाले संगीत लावून पहा ना. मोबाईलवर पाह्यलं मी, गाय दूध जास्त देते." चंद्रभानजी म्हणत, "हं." शेटला वाटे, काय गंभीर माणूस आहे!

यंदा जानेवारीत तळेगावच्या पटाला शेट सकाळपासून हजर होते. गावाबाहेर कापूस निघालेल्या वावरात दाण आखली होती. दाण म्हणजे बैल धावतात ती सरळ पट्टी. दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, एका बाजूला बायांचा वेगळा मांडव, आणि सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या खांबापर्यंत भोंगेच भोंगे. पट समितीचे अध्यक्ष भैय्याजी फेटा बांधून मंचावर बसले होते, मिश्या आजच काळ्या केलेल्या. माईक होता बंडूजींच्या हातात. बंडूजी बैलांचं वर्णन असं करत की बैलांनाही आपण कोण आहोत ते नव्यानं कळावं.

अशात राकेश नावाचा पोरगेला माणूस आला. बोरगाव मेघेचा, मोबाईलवर पटाचे व्हिडिओ टाकायचा, बघणारे हजारांनी. त्याला चंद्रभानजींची मुलाखत हवी होती. बंडूजी म्हणाले, "भोंग्यावरच होऊ दे, सारा मैदान आयकन." राकेशनं आपला बिनवायरचा माईक, वाटाण्याच्या शेंगेएवढा, चंद्रभानजींच्या सदऱ्याला अडकवला आणि त्याचं कनेक्शन बंडूजींच्या मशीनला जोडलं.

"चंद्रभानजी, तुमच्या यशाचं रहस्य काय?"

"हं."

"मंत्राबद्दल लोक बोलते, त्याच्यात किती तथ्य हाये?"

चंद्रभानजींनी लांब बघितलं.

"नव्या पिढीले काय सांगान?"

"हं."

मैदानावर टाळ्या पडल्या. राकेशचा चेहरा पडला. बंडूजींनी मशीनवरचं बटण खाली ओढलं, राकेश कॅमेरा घेऊन दाणीच्या दुसऱ्या टोकाला पळाला, आणि माईक राहिला सदऱ्यावरच. वर चंद्रभानजींनी थंडीचा मफलर गुंडाळून घेतला, कानांसकट.

दुपारी त्यांच्या जोडीचा पुकारा झाला. छकडीवर त्यांचा मुलगा चंदन बसला, दोन्ही कासरे हातात घेऊन. लग्नाला आलेला, बापासारखाच उंच, पण तोंडानं आईवर गेलेला. चंद्रभानजी नेहमीप्रमाणे वजीरच्या डाव्या बाजूला गेले, मान वाकवली, डोळे मिटले. बंडूजींना वाटलं, हा मोठा क्षण आहे, आपला आवाज जरा वाढवावा. त्यांनी हात घातला आणि भलतंच बटण वर सरकवलं.

"उभा राह्य रे बाबू," साऱ्या भोंग्यांतून एकदम आवाज आला. "घाई नको करू. माह्यं तं सकाळपासून पोट गुडगुडून राह्यलं."

लोकांनी वर भोंग्यांकडं बघितलं.

"काल पुन्हा भरीत केलं तिनं. चार दिवस झाले, वांगे एके वांगे. वाडीतले वांगे सरत नाई अन् हिचं भरीत सरत नाई. म्या काई बोललो का? नाई बोललो. तिच्यापुढं कोन बोलते रे बाप्पा?"

बायांच्या मांडवात पाचशे माना एकाच दिशेला वळल्या. विमलाबाई हातात पाण्याची बाटली धरून उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"शेट आला हाये पाहय, काळा चष्मा लावून. त्याच्याकडं पाहू नको तू. तो हात हालवते अन् तुले वाटते सरकीची ढेप आनली. मागच्या इतवारी मले म्हने, बैलाले योगा शिकवा. योगा! त्याले सोताच्या पायाचे बोटं दिसत नाई, अन् तुले योगा शिकवाले निंगाला."

हिरालाल शेटनं हलवायला वर केलेला हात तसाच डोक्यावर ठेवला आणि केस सारखे केले. त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या लोकांनी फार आदरानं त्यांच्या पोटाकडं बघितलं.

"भैय्याजीनं मिश्या रंगवल्या. उन्हानं रंग ओघळून राह्यला, अन् कोनी सांगत नाई त्याले."

भैय्याजींनी ओठावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

आता मैदान हसायला लागलं होतं. मफलराखाली चंद्रभानजींना भोंग्यावर कोणाचं तरी रडगाणं चालू आहे एवढं ऐकू येत होतं. शब्द लागत नव्हते. ते वजीरला म्हणाले, "आयक, हा बंडूजी काय बडबडून राह्यला! याच्या तोंडाले बूच नाई." हेही भोंग्यावर गेलं. बंडूजी मशीनवरची सगळी बटणं खालीवर करत होते आणि आवाज आणखी मोठा होत होता.

"लोक म्हनते, मंत्र देते चंद्रभान. आता तूच सांग, मले मंत्र येत असता तं म्या पयले तिचं भरीत नसतं बंद केलं?"

शिट्ट्या, टाळ्या. छकडीवर चंदन कासरे तोंडात कोंबून हसू दाबत होता. आणि मग त्याच आवाजात, तितक्याच सहज, चंद्रभानजी म्हणाले, "खरं सांगू का बाबू? मले भेव लागते. दरसाल लागते. या वर्षी समजन लोकाईले, का याले काईच येत नाई. तूच पयतं, अन् नाव माह्यं होते."

हसणं थांबलं. कोणीतरी आपल्या पोराला "चूप बस" म्हणालं.

"पन तुले काय त्याचं? पयाचं हाये तं पय. नाई पयाचं तं नको पयू. संध्याकाळी ढेप तं भेटनच."

झेंडी धरलेला पंच हे सगळं ऐकत तोंड उघडं टाकून उभा होता. दचकून त्याच्या हातून झेंडी पडली, आणि जोडी सुटली.

नेहमी सुटली की चंद्रभानजींचा आवाज मागं राहायचा. आज तो पुढं होता. दर खांबावर चंद्रभानजी ओरडत होते, "पय रे माह्या बाबू, वा रे वा!" आणि वजीर एका भोंग्याकडून दुसऱ्या भोंग्याकडं झेपावत होता. इतक्या वेगात तो आयुष्यात धावला नव्हता. रेषा ओलांडून जोडी थांबली ती थेट शेवटच्या खांबाखाली. वजीरनं नाक वर करून भोंगा हुंगला, आणि भोंगा म्हणाला, "कुठं गेला रे तू?"

चंद्रभानजींना काय झालं ते कळलं तेव्हा राकेश धावत परत आला होता आणि त्यांच्या मफलरात हात घालून माईक शोधत होता. "मले माफ करा जी," तो म्हणत होता, पण त्याचे डोळे आनंदानं भिजले होते. असा व्हिडिओ त्याला जन्मात मिळाला नव्हता. चंद्रभानजींनी त्या शेंगेएवढ्या वस्तूकडं बघितलं, मग भोंग्याकडं, मग बायांच्या मांडवाकडं. तिथून त्यांची नजर फार लवकर परत आली. जमीन फाटेल तर बरं, असं त्यांना वाटलं; पण कापसाचं वावर होतं, भेगा होत्या त्याही अरुंद.

घड्याळात त्यांची जोडी सगळ्यांत पुढं होती. अर्थात दुसऱ्या जोडीवाल्यांनी हरकत घेतली. बैलाला भोंग्यावरून पळवलं, हे कुठल्या नियमात बसतं? भैय्याजींनी नियम काढून पाहिले. मारू नये, टोचू नये, शेपटी पिरगाळू नये. बोलू नये असं कुठंच नव्हतं. भैय्याजी मंचावरून उतरले, चंद्रभानजींच्या समोर उभे राहिले. ओठावर आता अर्धी मिशी पांढरी होती.

"चंद्रभानजी," ते म्हणाले, "सांगाचं होतं ना मले. तासभर झाला, मी फोटो काढून राह्यलो." मग त्यांनी निकाल दिला: जोडी पुन्हा धावेल, माईकशिवाय.

जोडी पुन्हा रेषेवर आली. चंद्रभानजी पुन्हा वजीरच्या कानाशी वाकले. पण या वेळी मैदानात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. हजारो माणसं कान देऊन उभी होती. हिरालाल शेटनं चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि ते अगदी जवळ येऊन ऐकत होते. चंद्रभानजींनी तोंड उघडलं. गाठ पडली. "हं," ते म्हणाले.

वजीरनं कान झटकला. खूर आपटला. मग मान उडवून असा मागं सरकला की छकडी तिरपी झाली आणि चंदन ओरडला, "बाबा, बोला ना काई! बोला!"

"हं," चंद्रभानजी म्हणाले. कपाळावर घाम.

तेवढ्यात बायांच्या मांडवाची दोरी उचलून विमलाबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, पाण्याची बाटली अजून हातात. दाणीवर बाई आलेली कोणी पाहिली नव्हती. दोघे-तिघे म्हातारे "आवो, आवो" म्हणाले, पण त्यांना थांबवायला कोणाचे पाय हलले नाहीत. त्या वजीरच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या डोक्यावरून नवऱ्याला म्हणाल्या,

"चार दिवस नाई. तीन दिवस केलं भरीत. सोमवारी पिठलं होतं."

चंद्रभानजींनी मान वर केली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की यावर बोललंच पाहिजे. "पिठल्यात वांगे होते," ते म्हणाले.

"दोन फोडी!"

"दोन फोडी म्हंजे वांगेच ना?"

"मंग सांगाचं नाई का? हा काय मूग गिळून बसला होता का मानूस? बैलाले सांगते, मले नाई सांगत. मी काय खाऊन टाकतो का तुमाले?"

"तू बोलू देतं का?"

"आता कोन बोलून राह्यलं?"

वजीर शांत झाला होता. दोन्ही कान दोन्हीकडं वळवून, पाय रोवून, तो त्या दोघांच्या मधोमध देवळातल्या नंदीसारखा उभा होता. लोण्या त्याच्याकडं बघून उभा राहिला. पंचाला कळलं, अशी वेळ पुन्हा येणार नाही. त्यानं झेंडी टाकली. जोडी सुटली. दोघा नवराबायकोंना ती सुटल्याचं उशिरा कळलं. बैलांच्या रिकाम्या जागेपलीकडून ती दोघं एकमेकांना भाजीतल्या मिठाचं सांगत होती.

नंबर दुसरा आला. पहिला आर्वीकडच्या जोडीला गेला आणि कोणालाही वाईट वाटलं नाही, आर्वीवाल्यांना सोडून. कारण पहिल्या जोडीचं नावही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

व्हिडिओ राकेशनं त्याच संध्याकाळी टाकला. आठवडाभरात हिरालाल शेटच्या दुकानात साडी घ्यायला येणाऱ्या बाया आधी शेटच्या पायांकडं बघू लागल्या. पुढच्या रविवारी शेट आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले, गाडीतून उतरले, चष्मा नव्हता. गोठ्याच्या दारात चंद्रभानजींसमोर उभे राहून त्यांनी पोट आत ओढलं, श्वास धरला आणि खाली पाहिलं.

"अंगठा दिसते," ते म्हणाले.

चंद्रभानजींच्या जिभेची गाठ सुटायला क्षणभर लागला. "डावा का उजवा?"

"डावा."

"मंग होईन सुधार," चंद्रभानजी म्हणाले. "पन बैलाले पेढे नका देऊ जी. पोट बिघडते त्याचं." हे वाक्य त्यांच्या पोटात दोन वर्षं होतं. शेटनं पेढ्यांचा डबा उघडून एक स्वतः खाल्ला, एक चंदनला दिला, आणि बैल काढून नेण्याची भाषा केली नाही.

मंत्राची कीर्ती मात्र मेली नाही. चंद्रभानजींना वाटलं होतं, आता लोक हसतील आणि सोडून देतील. पण पलीकडं मोर्शीकडून एक माणूस खास भेटायला आला आणि हळूच म्हणाला, "भरताचं ते वरवरचं होतं, मले समजलं. खरा मंत्र मधात कुठं होता?" चंद्रभानजींनी त्याला स्पष्ट शब्दांत, पूर्ण वाक्यांत सांगितलं की मंत्र नाही, कधीच नव्हता. तो माणूस हात जोडून गेला आणि बाहेर जाऊन म्हणाला, "फार पोचेल मानूस हाये. सांगत नाई." विमलाबाईंकडं दोरे मागायला येणाऱ्या बाया कमी झाल्या नाहीत, उलट आता कोणी नवऱ्याला बोलतं करायलाही दोरा नेऊ लागलं.

घरात फरक पडला तो असा की जेवायला बसल्यावर विमलाबाई ताट वाढून गप्प बसत आणि म्हणत, "बोला." हुकूमच तो. पहिले काही दिवस चंद्रभानजी घामाघूम झाले. मग एकदा त्यांनी डाळीत हिंग जास्त झाल्याचं सांगितलं, त्यावर भांडण झालं, भांडणातून विषय चंदनच्या लग्नावर गेला, आणि भाकरी थंड होईपर्यंत दोघं बोलत बसले. वांगी संपली नव्हती. पण आता ती शेजारी जात.

फेब्रुवारीत आष्टीजवळ पट भरला. तिथल्या समितीनं तळेगावचा व्हिडिओ पाहिलेला. त्यांनी नवा नियम काढला: सुरुवातीच्या रेषेवर जोडीशी बोलायला एकच माणूस उभा राहील. जोडी जुंपून झाली, चंदन छकडीवर बसला, बायांच्या बाजूनं शिट्ट्या वाजल्या. पंच जवळ आला.

"बोलनारं कोन?" त्यानं विचारलं.

चंद्रभानजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हल्ली त्यांना बोलायला पूर्वीइतका वेळ लागत नसे, पण थोडा लागतच असे. तेवढ्यात विमलाबाईंनी वजीरची वेसण धरली होती आणि त्या त्याला सांगायला लागल्या होत्या, "आयक बाबू, आमच्या मालकानं काल काय केलं मालूम हाये का तुले?"

पंचानं चंद्रभानजींना दंडाला धरून रेषेबाहेर नेलं. ते गर्दीत जाऊन उभे राहिले, आणि आपल्याबद्दल काय सांगितलं जातंय ते ऐकू यावं म्हणून त्यांनी मफलर कानांवरून खाली ओढला.